खातं गोठलं, गाडी थांबली

मी फिजिओथेरपिस्ट आहे. मुलांचे आखडलेले हातपाय मोकळे करायचे, त्यांना बसायला, उभं राहायला शिकवायचं, हे माझं काम. शहरातल्या मुकुंदवाडीत एका वयस्कर मुस्लिम डॉक्टरांचं लहानसं केंद्र होतं, तिथं मी नोकरीला होते. दर शनिवारी केंद्राची गाडी आम्हाला पिशोर गावी, तिथल्या मुलांना व्यायाम द्यायला न्यायची. खर्चाचा मोठा भाग डॉक्टरांचे आखातात स्थायिक झालेले जुने विद्यार्थी उचलत. सगळं सरकारी परवानगीनं, बँकेतून.

पिशोरला एक लहान मुलगी यायची. तिचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढायचे. आई दुसऱ्याच्या रानात कामाला जायची, पण शनिवारी खाडा करून तिला कडेवर घेऊन यायची. हळूहळू ती पोर पायाला पट्टे बांधून, भिंतीला पाठ लावून उभी राहायला लागली. आई म्हणाली, "मॅडम, आता हिला चपला घ्याव्या लागतील." आम्ही सगळ्या हसलो.

त्यानंतर थोड्याच दिवसांत बँकेनं केंद्राचं खातं गोठवलं. एका देणगीदाराचं नाव दहशतवाद्यांना पैसा पुरवणाऱ्यांच्या यादीतल्या नावाशी जुळत होतं. माणूस वेगळाच होता, पण ते सिद्ध होईपर्यंत पगार, डिझेल, सगळं बंद. चौकशीला दोन अधिकारी आले, सभ्यपणे बोलले. मला त्यांचा राग आला नाही. माझ्या मावसभावाचा एक कान बाजारातल्या स्फोटात गेलाय. असल्या पैशाची वाट अडवलीच पाहिजे, हे मला तेव्हाही पटत होतं, आजही पटतं.

डॉक्टरांनी मला बोलावलं. "बेटा, पगार देऊ शकत नाही. पण शनिवारी पिशोरला जाऊन येशील? बसचं भाडं मी देतो. पोरांचे पाय आपल्यासाठी थांबणार नाहीत."

माझा नवरा सरकारी नोकरीत. चौकशीच्या कागदात माझं नाव आलं तर? आमच्या सोसायटीत कुजबुज सुरू झालीच होती, "त्या लोकांचा पैसा म्हणे." मी म्हणाले, "सर, सासूबाईंची तब्येत बरी नाही." सासूबाई धडधाकट होत्या, घरी वाती वळत बसल्या होत्या.

"मग त्यांना बघ आधी," डॉक्टर म्हणाले. पुढच्या आठवड्यात त्यांनी फोन करून विचारलंही, "अम्मांची तबियत कशी आहे?" बरी आहे, मी म्हणाले. फोन ठेवला आणि सासूबाईंच्या शेजारी बसून वाती वळायला लागले.

मला खासगी दवाखान्यात जास्त पगाराची नोकरी लागली. पुढं खातं मोकळं झालं, केंद्रावर कसलाही ठपका आला नाही. पण बँकेच्या साहेबांनी डॉक्टरांना सांगितलं, "तुमची चूक नाही, पण अशी खाती सांभाळणं आम्हाला परवडत नाही." दुसऱ्या बँकांनीही टाळलं. विद्यार्थी घाबरले, पैसे पाठवेनात. केंद्राला कुलूप लागलं.

यंदा उन्हाळ्यात, इतक्या वर्षांनी, मी पिशोरला गेले. मुलगी ओट्यावर बसून पाटीवर गिरवत होती. तिचे गुडघे सरळ होत नव्हते. हात लावताच कळलं, आता ऑपरेशनशिवाय इलाज नाही.

"तुम्ही आल्या, लई बरं वाटलं," आईनं चहा टाकला.

"मी आधीच यायला पाहिजे होतं."

"तुमची नोकरीच गेली म्हनं. तुम्ही काय करनार?"

"नोकरीशिवायही येता आलं असतं. मी भ्याले."

ती चहा गाळत राहिली. मग म्हणाली, "आमी बी भ्यालो. तिथं जानाऱ्याचं नाव पोलिसात जातं, असं गावात बोलत व्हते. हिच्या पायाचे पट्टे मीच चुलीत घातले."

मला तिच्याकडे बघवेना. मी येत राहिले असते, तर ती भीती टिकली नसती आणि तिला ते जाळावे लागले नसते.

ऑपरेशन शहरातल्या सरकारी दवाखान्यात झालं. एक पाय बराच सुटला, दुसरा तेवढा नाही. ती वॉकर धरून अंगणभर फिरते, दमली की जिथं असेल तिथं बसते. मी आता रविवारी बसनं जाते. तिच्या आईशिवाय एकदोघीच पोरांना घेऊन येतात. पोरांच्या तपासणीसाठी नावं लिहायला सरकारी माणसं आली तरी बाकीच्या बायका दार लावून घेतात. मी गल्लीतून जाताना त्या मला ओळखतात आणि आत निघून जातात. त्यांना थांबवायला माझं तोंड उघडत नाही.