शेवटच्या रांगेतून बर्फ

माझ्या आत्याच्या दुकानात रांग मोडलेली कुणी पाहिलेली नाही. कपडे लहानमोठे करून देण्याचं दुकान ते. एक मशीन, एक आरसा आणि दारामागे खिळ्यांवर नंबराने टांगलेले कपडे. तुमची शिवण उसवो नाहीतर नशीब, नंबर आल्याशिवाय ती हात लावणार नाही. कॉलेजच्या निरोपसमारंभाला मी ढगळ ड्रेस पोटाशी मुठीत धरून गेले, कारण माझ्या आधी पोस्टमनची पँट होती.

"सख्खी भाची आहे मी तुझी!"

"म्हणून काय पोस्टमनने उघडं फिरायचं?"

अशा या बाईने मशीनसमोर एक जुनं कॅलेंडर लावलं होतं. दोन्हीकडे बर्फाच्या उंच भिंती आणि त्यांतून वळणं घेत गेलेला घाट. वर्ष संपलं, तारखा शिळ्या झाल्या, कॅलेंडर उतरलं नाही. साठी उलटल्यावर एके दिवशी तिने कात्री खाली ठेवली. "मला हा रस्ता बघायचाय. मेल्यावर नाही, आत्ता." आणि आम्ही दोघींनी परदेशाच्या टूरमध्ये नावं घातली.

अडचण एकच. आत्याला बस लागते. घाटाच्या वळणांवर अगदी पुढे बसून समोरच्या काचेतून रस्ता दिसत राहिला, तरच ती माणसांत असते. आणि हे तिने माझ्याखेरीज जगात कुणालाही कळू दिलेलं नाही. "चारचौघांत काय सांगायचं, मी ओकते म्हणून?"

पहिल्या सकाळी बसमध्ये पुढच्या सीटसाठी नुसती झुंबड. कुणी रुमाल टाकतंय, कुणी पर्स, एकाने तर आपली सासू बसवून ठेवली होती. आमचा टूर मॅनेजर सतत शिट्टी वाजवायचा, म्हणून त्याचं नाव शिट्टीच पडलं. तो वाजवत होता आणि कुणी ऐकत नव्हतं. गोंधळ आत्याला सोसत नाही. ती मधल्या रांगेत उठून उभी राहिली.

"रुमाल घाला खिशात! रोज सकाळी प्रत्येकाने दोन रांगा मागे जायचं. शेवटचे पुढे. भांडण मिटलं."

टाळ्या पडल्या. शिट्टीने तर तिला वाकून नमस्कार केला. आत्या त्या दिवशी जरा जास्तच ताठ बसली होती.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला, पावाला लोणी लावता लावता तिचा हात थांबला. तिने टेबलावर काटेचमचे रांगेत मांडले.

"आज आपण इथे. उद्या इथे. परवा घाट, म्हणजे..." बोट टेबलाच्या कडेला येऊन थांबलं. "अगं बाई! शेवटच्या रांगेत."

"बदलून घेऊ की कुणाशी तरी."

"नियम कुणी केला?"

"तू."

"मग?" तिने लोण्याची सुरी माझ्यावर रोखली. "पहिल्या सीटवर कोण येतंय?"

मी मोजलं. "बँकवाल्या मॅडम."

आत्याने कपाळावर हात मारला. या मॅडमनी एकदा बढतीच्या समारंभासाठी कोटाच्या बाह्या कमी करायला टाकल्या होत्या. एक दिवस आधी द्या म्हणून गयावया केली होती. आत्याने अर्थातच दिला नव्हता. विमानतळावर मॅडमनी तिला ओळखलं आणि मोबाईल काढला. "या बघा आमच्या टेलरबाईंच्या कृपेने बाह्यांना पिना! नीट बघा, साहेबांशी हात मिळवताना एक टोचतेय." तो फोटो आत्तापर्यंत सगळ्या बसने पाहिला होता.

घाटाच्या दिवशी आत्या शेवटच्या रांगेत बसली. तोंडात आल्याचा तुकडा, मांडीवर पिशवी, डोळे घट्ट मिटलेले. प्रत्येक वळणाला मागची बाजू झोक्यासारखी बाहेर जायची.

"बर्फ आला का?"

"आला."

"कसा आहे?"

"पांढरा."

"ते मला ठाऊक आहे गं! भिंती आहेत का भिंती?"

"आहेत. बसहून उंच. डोळे उघड ना, आत्या!"

तिने एक डोळा उघडला, लगेच मिटला आणि पिशवी वापरली.

माथ्यावर बघून घेईल म्हणावं, तर वर ढग उतरलेले. स्वतःचा हातमोजा दिसेना. शिट्टी म्हणाला, "मंडळी, आता गरम काहीतरी प्या आणि आल्या वाटेने परत. नजारा काय तो रस्त्यातच होता!"

आत्या पायरीवर बसली होती. चेहरा कोऱ्या अस्तरासारखा. मला वाटलं आता रडते. पण ती उठली, पदर खोचावा तसा मफलर कोटात खोचला आणि थेट मॅडमसमोर जाऊन उभी राहिली.

"मॅडम, उतरताना तुमची सीट मला द्या."

मॅडमनी कप खाली ठेवला. "का हो? आज नंबर माझा आहे ना?"

"तुमचाच आहे."

"मग कोटाच्या वेळी तुमचं चुकलं म्हणा."

"ते नाही म्हणणार. तुमच्या आधी सातजण होते."

"टेलरबाई, मागायला आलात की भांडायला?"

आजूबाजूला अख्खा ग्रुप कप धरून ऐकत होता.

"मला बस लागते," आत्या मोठ्याने म्हणाली. "येताना ओकले. बर्फ पाहिलाच नाही. आणि ह्याच्यासाठीच आले होते."

कुणी हसलं नाही. मॅडमनी बसकडे बोट दाखवलं.

"शेजारी आमचे हे आहेत. घोरतात."

"घोरू देत. मला त्यांना कुठे बघायचंय?"

मॅडम फस्सकन हसल्या, इतक्या की हातातला कप हिंदकळला. "जा बाई, बसा! पण मी तुमच्या दुकानात अशी आले असते, तर दिला असतात कोट?"

"नसता दिला."

"वाटलंच!" म्हणत त्या माझ्याशेजारी शेवटच्या रांगेत येऊन बसल्या आणि पहिल्या वळणालाच माझा दंड पकडला. "ही बस आहे की पाळणा? पिशवी आहे का गं एखादी?"

बस ढगातून खाली आली आणि एकदम ऊन पडलं. मागून मला फक्त आत्याचा अंबाडा दिसत होता. तिच्या शेजारचं घोरणंसुद्धा ऐकू येत होतं. अंबाडा डावीकडे वळला, उजवीकडे वळला, मग पुढे झुकला. तिने हात लांब करून समोरच्या काचेवर पंजा टेकवला आणि त्या परक्या ड्रायव्हरला शुद्ध मराठीत सांगितलं,

"दादा, जरा हळू घ्या. बघतेय मी."

त्याने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि बस हळू घेतली.