टिचकीमास्तरांचा काष्ठतरंग

आमचे हे कपबशांच्या कारखान्यात शेवटच्या टेबलावर बसतात. भट्टीतून आलेला कप बोटावर टांगायचा, लाकडी काडीने टिचकी मारायची आणि कान द्यायचा. खणखणीत वाजला तर खोक्यात, बद्द वाजला तर पिंपात. बारीक तडा डोळ्यांना दिसत नाही, कानालाच कळतो. म्हणून सगळे ह्यांना टिचकीमास्तर म्हणतात. लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या माहेरी आले, तेव्हा आईने चहा पुढे केला, तर ह्यांनी आधी कपाला टिचकी मारली. आई कितीतरी दिवस धुमसत होती.

यंदा नातीसाठी काष्ठतरंग करायचं खूळ ह्यांच्या डोक्यात शिरलं. गॅलरीत नुसता भुसाच भुसा. शिसवी पट्ट्या कापायच्या, ताणलेल्या सुतळीवर मांडायच्या, वाजवून बघायच्या. स्वर चढा लागला तर पट्टी पोटाकडून तासायची, उतरला तर टोकं कमी करायची. लांब पट्ट्या झकास जमल्या. लहान, वरच्या स्वरांची मात्र एकही मनासारखी वाजेना.

"लाकूडच बोदं आहे," म्हणत हे पट्टी कोपऱ्यात भिरकावायचे. सुताराशी भांडून दुसरं लाकूड आणलं. तेही बोदं निघालं. "हल्ली सगळा मालच असा येतोय. कारखान्यातली मातीसुद्धा!"

मी कानाडोळा केला. हे आणि ह्यांचं लाकूड, आपण कशाला मध्ये पडा?

काल गॅलरी झाडताना त्या भिरकावलेल्या पट्ट्या गोळा केल्या. टाकून देण्याआधी सहज एक सुतळीवर ठेवली आणि चमच्याने वाजवली. काय गोड वाजली! दुसरी वाजवली, मग तिसरी. सगळ्या खणखणीत. लाकडात काहीच खोट नव्हती.

मग नाही नाही ते मनात येऊ लागलं. ह्यांनी खोक्यात टाकलेले कप कोणाकोणाच्या घरी गेले असतील? कोणी उकळता चहा ओतला आणि कप हातातच फुटला तर? कारखान्यात कळलं तर? त्या टेबलावाचून हा माणूस दिवसभर करील काय? आणि सांगायचं तरी कसं? ह्यांच्या कानाबद्दल बोलायची घरात कोणाची टाप नाही. माझा जीव नुसता टांगणीला लागला.

शेवटी मी लबाडी केली. बटणं ठेवायला एक तडकलेला कप होता, दिसायला इतरांसारखाच. तो विसळून संध्याकाळी रिकामाच ह्यांच्या हातात दिला आणि किटली घेऊन उभी राहिले. देवा, ओळखू दे, एवढंच मनात चाललं होतं.

ह्यांनी सवयीने टिचकी मारली. आवाज अगदी बद्द आला.

"ओत," हे म्हणाले.

मी किटली खाली ठेवली.

"अगं, ओत की!"

"अहो, तो बटणांचा कप आहे."

हे आधी हसले. मग पुन्हा टिचकी मारली. मग कप कानाशी नेऊन मारली. गॅलरीत मी रचून ठेवलेल्या पट्ट्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि चेहरा पार उतरला.

"सगळेच कप असे वाजायला लागले, तेव्हा मला वाटलं, माती बदलली," हे हळूच म्हणाले. "मग नुसतं डोळ्यांनी बघून सोडत होतो गं."

"डॉक्टरांना दाखवू. कानाला यंत्र मिळतं."

"ते बघू. उद्या आधी साहेबांना सांगतो." ह्यांनी खिशातली काडी काढून टेबलावर ठेवली. कप मात्र हातातच होता. "अगं, कोणाचा हात भाजला नसेल ना?"

"नसेल हो," मी म्हणाले.

हे माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते. मला माझाच आवाज बद्द वाटला.