डागकाकूंचा पापुद्रा

डागकाकूंचं खरं नाव वीजबिलापुरतं उरलं होतं. गल्लीतले लहानथोर सगळे त्यांना डागकाकूच म्हणत. कारण त्यांच्या हातून डाग सुटत नसे आणि नजरेतून माणूस सुटत नसे. लग्न होऊन आल्या त्या सासऱ्यांच्या लाँड्रीत, आणि लोकांचे कपडे हाताळता हाताळता त्यांना लोकांच्या भानगडी वाचता येऊ लागल्या. समोरचा विमा-एजंट तापाने फणफणलाय म्हणून रजेवर होता, तेव्हा त्याच्या पँटच्या गुडघ्याला हिरवा डाग निघाला. "तापातला माणूस मैदानात लोळत नाही," काकू म्हणाल्या आणि डाग काढून टाकला. ही त्यांची सभ्यता. बोलायच्या, पण पुरावा ठेवायच्या नाहीत.

नवरा होता तोवर हसून म्हणायचा, "बाई, तू आरशालासुद्धा खरं-खोटं विचारशील." तो गेल्यावर विचारायला घरात मुलगा आणि सून एवढीच माणसं राहिली. मुलगा गाडी घेऊन लॉजच्या चादरी आणायचा, पोचवायचा. सून इस्त्रीवर. स्वभावाने चांगली होती, मोजकं बोलायची. पण मोजकं बोलणाऱ्या माणसाकडे सांगण्यासारखं काहीतरी असतंच, असं काकूंचं ठाम मत होतं. त्यामुळे सून गप्प बसली की त्यांच्या मनात पाल चुकचुकायची.

एका सकाळी मागच्या अंगणात, बॉयलरच्या गरम भिंतीला टेकून एक कुत्रा बसलेला दिसला. कुत्रा म्हणायचं ते शेपटीवरून. अंगावर केस नव्हतेच. कातडी जाड, राखाडी, सुरकुत्या पडलेली, जागोजाग फुटून खपल्या धरलेली. कानांच्या कडा जळलेल्या कागदासारख्या. डोळे सुजून बंद होत आलेले. खाजवून खाजवून दमला की मागचा पाय हवेतच हलत राहायचा.

"हा कुत्रा नाही आई, पापुद्रा आहे नुसता," मुलगा म्हणाला. नाव तेच पडलं.

काकूंनी प्राण्यांच्या आश्रयगृहात फोन केला, घेऊन जा म्हणून. डॉक्टरीणबाई आल्या. तपासून म्हणाल्या, "लूत आहे. चांगलीच मुरलेली. पण काकू, आमच्याकडे जागा नाही. महिनाभर तुम्ही सांभाळा. इंजेक्शन मी येऊन देईन, औषधही देते."

"म्हणजे आमच्याच गळ्यात बांधणार."

"तुमच्याकडे गरम पाणी आहे, मोकळं अंगण आहे—"

"आणि शंभर लोकांच्या चादरी आहेत! कुणाला कळलं की लाँड्रीत लूत लागलेला कुत्रा ठेवलाय, तर उद्यापासून आम्ही बॉयलरवर चहाच करायचा."

पण ठेवला. का ठेवला ते काकूंनी कुणाला सांगितलं नाही. झालं असं होतं की त्यांनी त्याच्यापुढे पाव टाकला. तो उपाशी होता, बरगड्या दिसत होत्या, तरी त्याने पावाला हात— म्हणजे तोंड लावलं नाही. पावाभोवती फिरला, दोन बाजूंनी हुंगला, काकूंकडे पाहिलं, पुन्हा हुंगला. त्या पाठमोऱ्या झाल्यावरच खाल्ला. 'मेला माझ्यावरच गेलाय,' काकू मनात म्हणाल्या.

औषध म्हणजे गंधकाचं पिवळं पाणी. बादलीत पातळ करायचं, डोळे सांभाळून सगळ्या अंगावर ओतायचं, आणि आठवड्यातून एकदा असं करत राहायचं. सडक्या अंड्यांचा वास, आणि जिथे थेंब पडेल तिथे पिवळा डाग. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "वरून ओतायचं आणि तसंच वाळू द्यायचं. तोवर गळ्यात ही प्लास्टिकची कॉलर ठेवा, म्हणजे चाटणार नाही."

काकूंनी मान हलवली. त्यांच्या मान हलवण्याचा अर्थ 'ऐकलं' इतकाच असायचा.

पुढची तपासणी झाली तेव्हा फरक नव्हता. उलट मानेवर नव्या खपल्या होत्या. डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला.

"काकू, स्पष्टच सांगते. पुढच्या वेळी असाच दिसला तर मला न्यावा लागेल. लूत लागलेल्यांसाठी आमच्याकडे एकच खोली आहे, तीही गच्च भरलेली. तिथे नेला तर बरा होणार नाही, दुसऱ्यांनाही देईल."

"मग?"

डॉक्टरीणबाई बॅगेची चेन लावत राहिल्या. "मग शेवटचं इंजेक्शन."

त्या गेल्यावर काकूंनी संशयाची सगळी दुकानं उघडली. आधी डॉक्टरीणबाईच. फुकटचं औषध, त्यात काय दम असणार? कदाचित मुदत संपलेलं. मग मुलगा. गाडीतून रोज बाहेर फिरतो, कुठल्या कुत्र्यांना हात लावून येतो कोण जाणे. त्याला त्यांनी दारातच थांबवून हात धुवायला लावले.

"आई, मी लॉजवर गेलो होतो, कोंडवाड्यात नाही."

"लॉजच्या चादरी मी पाहते. मला सांगू नकोस."

शेवटी नजर वळली ती सुनेवर. कारण तिच्या हातांवर, कोपराच्या आतल्या बाजूला, बारीक लाल पुरळ आलं होतं. ती नवऱ्याला हळूच म्हणालेली काकूंनी ऐकलं होतं, "पापुद्र्याचंच आहे बहुतेक." म्हणजे तिला तो नको असणार. साहजिक होतं. कुणाला हवा असेल?

काकूंनी औषधाच्या बाटलीवर पेन्सिलीने बारीक रेघ मारली. अंघोळीच्या दिवशी स्वतः औषध ओतलं, नवी रेघ मारली, बाटली फळीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाहतात तर औषध रेघेच्या खाली.

त्यांनी बाटली होती तशी फळीवर ठेवली. अर्ध्या पुराव्यावर बोलायचं नसतं.

बाकीचा पुरावा घरच्या धुण्यात मिळाला. सुनेच्या निळ्या कुर्त्याच्या बाहीवर पिवळा डाग. हळदीचा नाही, चहाचा नाही, गंजाचा तर नाहीच. नाकाशी नेला. सडकी अंडी. जेवताना त्यांनी सुनेच्या बोटाकडे पाहिलं. चांदीची अंगठी काळी ठिक्कर पडली होती.

"अंगठी काळी पडली गं?"

"हो ना. घामाने असेल." सुनेने हात ओढणीआड घेतला.

घामाने! तीस वर्षं घामाच्या कॉलरी घासणाऱ्या बाईला ही पोर घाम शिकवत होती. काकूंच्या डोक्यात चित्र पूर्ण झालं. सूनबाई औषध मोरीत ओतते. औषध संपलं की कुत्रा बरा होणार नाही, बरा झाला नाही की डॉक्टरीणबाई नेणार. कुणाला वाईट म्हणायला नको, काही नको. त्यांना राग कमी आणि भीतीच जास्त वाटली. कारण आताशा सकाळी अंगणाचं दार उघडलं की तो शेपटी एकदाच, अगदी मोजून मापून, हलवायचा. तेवढी सुद्धा उद्या दिसली नाही तर?

पुढच्या आठवड्यात अंघोळीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मोठ्याने जाहीर केलं, "मी लॉजवर जाऊन येते गं, उशांच्या खोळी कमी भरल्यात." पुढच्या दाराने गेल्या, दोन दुकानं ओलांडली, आणि मागच्या बोळातून अंगणाच्या फाटकाशी आल्या. फट होती. डोळा लावला.

सून नवऱ्याचा रेनकोट घालून टबापाशी उकिडवी बसली होती. टबात पापुद्रा, गळ्यात कॉलर, चेहऱ्यावर घोर अपमान. ती मगाने पिवळं पाणी त्याच्या पाठीवर हळूहळू सोडत होती. कानांच्या कडांना कापसाने लावत होती. "झालं हं, झालं. सरकारी अधिकाऱ्यासारखा चेहरा करू नकोस," ती त्याला म्हणत होती. मोजकं बोलणारी सून कुत्र्याशी घडाघडा बोलत होती.

काकूंनी फाटक ढकललं. "सापडलीस!"

सून दचकली, पण तिने कुत्र्यावरचा हात काढला नाही. "हळू आई. हलला तर डोळ्यांत जाईल त्याच्या."

"माझ्यामागे हे काय चालवलंयस? मला वाटलं औषध मोरीत ओततेस."

"मोरीत तुम्ही ओतता."

"मी?"

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, तसंच वाळू द्या. तुम्ही त्याला तीन पाण्यांतून काढता. चादरीसारखा. नीळ घालायची तेवढी राहते."

खरंच होतं. दर वेळी औषध ओतून त्या थोडा वेळ थांबायच्या आणि स्वच्छ पाण्याने खळखळून धुऊन काढायच्या, वास जाईपर्यंत, पाणी नितळ येईपर्यंत. धुतलेल्या वस्तूत साबण, सोडा काहीही राहता कामा नये, राहिला की कापड कुजतं, हे सासऱ्यांनी पहिल्या दिवशी शिकवलेलं. डॉक्टरीणबाईंना सुई कळत असेल, धुणं काय कळणार? असंच त्यांच्या मनाने तेव्हा घेतलं होतं. दर आठवड्याला, आपल्या हातांनी, त्या कुत्र्याचं बरं होणं मोरीत सोडत होत्या, आणि मागच्या तपासणीपासून सून दुसऱ्या दिवशी ते पुन्हा त्याच्या अंगावर चढवत होती.

"मग मला सांगायचं नाहीस?"

"तुम्हाला? धुणं? मी?"

तरी काकूंनी एक शेवटचं विचारलं, कारण राहवेना. "आणि ते हातावरचं पुरळ? त्याचा राग नाही तुला?"

"डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारलं मी. तो बरा झाला की माझंही जाईल म्हणाल्या." ती थोडं थांबली. "तो गेला तरी जाईल. पण तसं नको."

काकूंनी फाटकाला आतून कडी घातली. मग म्हणाल्या, "रेनकोटाच्या बाह्या दुमडून घे. आणि ती अंगठी काढून ठेव आधी."

पुढच्या अंघोळी दोघींनी मिळून केल्या. काकू ओतायच्या, सून धरायची. ओतून झालं की काकूंचे हात आपोआप स्वच्छ पाण्याच्या बादलीकडे जायचे, आणि सून पायाने बादली मागे सरकवायची. "आई."

"बघतेय गं नुसती. पाणी बघायलाही बंदी?"

त्याचं अंथरूण रोज उकळून निघायचं, वेगळ्या टाकीत. त्यात मात्र काकूंना कुणी शिकवलं नाही. हळूहळू खपल्या सुटल्या. खालून गुलाबी कातडी आली, आणि एके दिवशी सुनेने पाठीवर बोट फिरवून म्हटलं, "आई, लव." काकूंनी चष्मा लावून, उन्हात नेऊन खात्री केली. तपकिरी होती.

डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा पापुद्र्याच्या पाठीवर मखमलीसारखे केस उगवले होते, फक्त कोपर उघडे होते. त्यांनी चार जागी कातडी खरवडून काचेवर घेतली, सोबत आणलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली.

"काही नाही, काकू. एकही किडा नाही."

"कानाची कड घेतलीत?"

"घेतली."

"दुसऱ्या कानाची?"

डॉक्टरीणबाईंनी तीही घेतली. तिथेही काही नव्हतं. "अजून एकदा तपासू, तोवर औषध सोडू नका. पण आता धोका नाही." मग त्या हसून म्हणाल्या, "आणि आमच्याकडे जागाही झालीय. आता याला घेऊन जाते मी. असा देखणा झालाय, लगेच घर मिळेल."

काकू ताठ झाल्या. "लूत होती तेव्हा जागा नव्हती. केस आले तशी झाली?"

"अहो, तुम्हीच म्हणाला होतात ना, गळ्यात बांधलं म्हणून..."

"आम्ही नाही देणार," सून म्हणाली. मोठ्याने म्हणाली. पापुद्रा तिच्या पायांमागे जाऊन बसला आणि तिथून डॉक्टरीणबाईंच्या बॅगेकडे टक लावून पाहू लागला.

डॉक्टरीणबाईंनी काकूंकडे पाहिलं. "मग ठेवताय?"

"तुम्ही ती बॅग आधी फाटकाबाहेर ठेवा," काकू म्हणाल्या. "त्याला अजून तुमचा भरवसा नाही. मग आत येऊन चहा घ्या."