बशीरभाईंनी न लिहिलेलं वाक्य

बशीरभाईंच्या नसरीनचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर टाकीत पाणी किती चढलं ते बघत होतो. ती एवढंच म्हणाली, "काका, अब्बा गेले." मग थोडं थांबून, "पहाटे उठले, नमाजसाठी वजू केलं, खुर्चीत बसले... ते बसलेच." चिकलठाण्याहून त्यांच्या घरी पोचेपर्यंत अंगण माणसांनी भरलं होतं. बशीरभाई आयुष्यभर शाळेत मराठी शिकवत आले, त्यामुळं त्यांचे विद्यार्थी बरेच होते, आणि त्यातले निम्मे तरी त्या एका टेलिफिल्मबद्दल बोलत होते. "सरांनी काय शेवट केला होता!" असं. तो शेवट कसा झाला ते मी जवळून पाहिलं आहे, म्हणून हे लिहितो.

फिल्म एका जुन्या, गाजलेल्या कादंबरीवर होती, पटकथा बशीरभाईंची. पोलीस अॅक्शननंतर गावात भारताची फौज येते, पुरुषांना रांगेत उभं करते, आणि निजामाचे रझाकार कोण ते दाखव म्हटल्यावर एक शेतकरी बांधाच्या भांडणापायी आपल्या निर्दोष शेजाऱ्याकडं बोट दाखवतो. शेजारी परत येत नाही. बोट दाखवणारा पुढं दहा वर्षं त्या घरचं शेत स्वतः राबून पिकवतो, दाणा न् दाणा त्यांच्याकडं पोचवतो, आणि शेवटी शेजाऱ्याच्या विधवेपुढं कबुली देतो. ती म्हणते, 'त्यांच्या वतीनं मी तुला माफ केलं.' हे वाक्य आमच्या भागातल्या वाचकांना तोंडपाठ होतं.

तेव्हा आम्ही शेजारी राहायचो. मी वीज कचेरीत हिशेबाला, त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान. पटकथेचं प्रत्येक पान ते मोठ्यानं वाचत, सगळी पात्रं स्वतःच वठवत, आणि मी घड्याळ घेऊन समोर बसे, कारण प्रक्षेपणाची वेळ ठरलेली होती आणि फिल्म त्यातच बसवायची होती. "घ्या, रीडिंग घ्या साहेब," म्हणत आणि सुरू होत. प्रत्येक प्रसंगापुढं मी वेळ लिहिली. फक्त शेवटच्या प्रसंगापुढं लिहायला काही नव्हतं, कारण तो प्रसंगच नव्हता. विचारलं की म्हणत, "होईल." दौलताबादजवळच्या एका गावात शूटिंग सुरू झालं, मी रजा टाकून सोबत गेलो, तरी तो झाला नव्हता.

रांगेचा प्रसंग घेतला त्या दिवशी गावातलीच माणसं उभी केली होती. नटानं बोट उचललं आणि बशीरभाई कॅमेऱ्यामागून उठून चालायला लागले. मी मागं गेलो. विहिरीच्या कठड्याला टेकून ते म्हणाले, "माझ्या वडिलांना असंच नेलं. मी पाळण्यात होतो. दाखवणारा आमच्याच गल्लीतला." एवढी वर्षं शेजारी राहून हे मला माहीत नव्हतं. "मग हे काम कशाला घेतलं?" मी विचारलं. "कादंबरी खरी आहे म्हणून घेतलं. एक वाक्य सोडून. त्यांच्या वतीनं म्हणे... हा अधिकार तिला कोणी दिला?"

दिग्दर्शक कर्णिक पुण्याचे. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्यामागं निर्माता होता. शेवटच्या प्रसंगाच्या सकाळी त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "सर, दुपारी पान मिळालं नाही तर मी पुस्तकातलं वाक्य घेतो. पटत नसेल तर तुमचं नाव काढतो. पण हा माणूस दहा वर्षं राबलाय, त्याला माफी नाही मिळाली तर प्रेक्षक टीव्ही फोडतील." बशीरभाई माझ्याकडं वळले. मला म्हणाले, "स्कूटर काढ."

शहरात घरी आलो. अम्मा, म्हणजे त्यांच्या आई, ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. बशीरभाई चप्पल न काढताच दारात उभे राहिले. "अम्मा, तो माणूस आज आला आणि चुकलं म्हणाला, तर तू काय म्हणशील?"

अम्मांनी सुपातून नजर काढली नाही. "आला होता की."

"कोण आला होता?"

"त्योच. तू शाळेत शिकवायला लागलास त्या वर्षी. भर दुपारी आला, दारातच रडला. लई रडला."

बशीरभाईंचा आवाज चढला. असा मी तो कधी ऐकला नव्हता. "आणि मला सांगितलं नाय?"

"सांगून काय करणार होतास? तवा तुझं डोकं लई गरम." त्यांनी एक खडा वेचून बाजूला टाकला. "माफ कर म्हणला. म्या म्हणलं, ज्याच्याकडं मागायची त्यो तर न्हाई. मी कोण देणारी? पर चहा माझा हुता. त्यो दिला."

"प्याला?"

"प्याला की. गल्लीत त्या लोकांनी आमच्या घरचं पाणी कधी घेतलं नव्हतं. ह्यो समदा प्याला, कप स्वतः विसळला, पालथा घातला, आन् गेला."

बशीरभाईंनी चप्पल काढली. मला वाटलं, आता ते त्या माणसाचं नाव विचारतील. अम्मांनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांचा हात थांबला होता. पण ते आत गेले आणि कागद घेऊन बाहेर आले.

ओट्यावरच बसून लिहिलेलं पान घेऊन आम्ही शूटिंगवर परतलो; त्यावर एकही संवाद नव्हता. कर्णिकांनी ते दोनदा वाचलं. "नुसता चहा? यात उद्धार कुठाय?" बशीरभाई म्हणाले, "त्याचा त्यानं केला, दहा वर्षं राबून. तिच्याकडून सही कशाला पाहिजे?" कर्णिक म्हणाले, दोन्ही शेवट घेऊ, मग ठरवू. बशीरभाई म्हणाले, "दोन्ही घेतले तर तुम्ही कोणता लावाल ते मला ठाऊक आहे. हाच घ्या, नाहीतर नाव काढा." ऊन उतरत चाललं होतं, प्रकाश जाईल म्हणून कॅमेरामन चुळबुळत होता. विधवेचं काम करणाऱ्या बाई, ज्यांचं सगळ्यात गाजलेलं वाक्य जाणार होतं, त्या मध्येच म्हणाल्या, "चहा खरा करा पण. रिकामा कप मला धरता येत नाही." तिथं निकाल लागला.

प्रक्षेपणाच्या दिवशी आम्ही सगळे त्यांच्याकडं जमलो. चहाचा प्रसंग तसाच आला. तो माणूस कप विसळायला वाकला, आणि एका बाईचा घोगरा आवाज सुरू झाला: 'त्यांच्या वतीनं मी तुला...' निर्मात्यानं ते वाक्य वरून घातलं होतं. अम्मा म्हणाल्या, "ही मधीच कोण बोलायला लागली?" बशीरभाई उठले, टीव्हीजवळ गेले आणि आवाजाचं बटण फिरवून पार बंद केलं. 'समाप्त'ची पाटी येईपर्यंत ते तिथंच, बटणावर बोट ठेवून उभे होते.

भांडायला ते गेले नाहीत. पुढं कुणी कॅसेट लावली, नंतर सीडी लावली, की तेवढ्या जागी उठत आणि आवाज बंद करत. पाहुण्यांना वाटे, टीव्ही बिघडलाय.

गेल्या आठवड्यात त्यांच्या घरी गेलो. नसरीनच्या मुलींनी फिल्म मोबाईलवर शोधून काढली होती आणि आजोबांचं नाव दिसेल म्हणून बघत बसल्या होत्या. नसरीन आतून आम्हाला चहा घेऊन आली. पडद्यावर तो माणूस ओसरीवर बसला होता. ट्रे एका हातावर तोलत तिनं दुसऱ्या हाताचा अंगठा मोबाईलच्या कडेवर दाबून धरला. "अम्मी, आवाज..." धाकटी म्हणाली.

"नाय लागत," नसरीन म्हणाली. "बघ नुसतं."