व्हिट-शनिवारचा शुक्रवार

इंग्लंडातल्या पॅडिहम गावात अ‍ॅडाबाई ग्रिमशॉ यांच्या चारित्र्यावर कोणी कधी शंका घेतली नाही. घेणार कशी? शंका घेण्याचं अख्खं खातंच त्यांच्याकडे होतं. चॅपलमध्ये कोण उशिरा आलं, कोणाच्या खिडकीचे पडदे कळकट झाले, कोणाचं पहिलं मूल लग्नानंतर जरा घाईनं आलं, या सगळ्याचा निकाल रविवारच्या चहाआधी लागायचा आणि त्यावर अपील नसायचं.

आमची नाटक कंपनी लँकशरच्या दौऱ्यात बुडाली तेव्हा मी त्यांच्या माडीवर दोन महिन्यांसाठी राहायला गेलो. ते दोन महिने अजून संपलेले नाहीत. रघुनाथ हे नाव तोंडात बसेना, म्हणून त्यांनी मला ‘रेज’ करून टाकलं. तक्रार नाही. माझ्याहून भल्याभल्यांची नावं त्यांनी खराब केली होती.

तरुणपणी अ‍ॅडाबाई कापडगिरणीत विणकर होत्या. मागांच्या खडखडाटात शब्द ऐकू येत नाहीत, म्हणून तिथल्या बायका आवाज न काढता ओठ हलवून बोलायच्या आणि ओठ बघून ऐकायच्या. गिरण्या गेल्या, पण कला राहिली. प्रवचन चालू असताना चॅपलच्या या टोकाला अ‍ॅडाबाई आणि त्या टोकाला पेटी वाजवणाऱ्या हिल्डाबाई कर्शॉ एखाद्याच्या अब्रूची वाटणी करून मोकळ्या व्हायच्या, आणि पाद्रीबुवांना वाटायचं, काय ही तल्लीनता! असा मूकाभिनय मी रंगभूमीवरसुद्धा पाहिला नाही.

स्वतःच्या लग्नाची गोष्ट मात्र त्या मोठ्यानं सांगत. बारा जून एकोणीसशे बेचाळीस. व्हिट-शनिवार, म्हणजे व्हिटच्या सणाआधीचा शनिवार. नवरदेव वॉल्टर लष्करातून रजेवर आलेला. झगा मावसबहिणीचा, चांगला घेरदार. अंडी आणि साखर रेशनवर, म्हणून केक दिसायला तीन मजली, पण तो नुसता पुठ्ठ्याचा डोलारा. तो उचलला की आत बशीएवढा खरा केक. हे लग्न झालं ओल्डममध्ये. पॅडिहमला हे जोडपं आलं ते लढाई संपल्यावर, छोट्या लेकीचं, मॉरीनचं, बोट धरून. त्यामुळे या प्रयोगाचा प्रेक्षक गावात एकही नव्हता. वॉल्टर होता, पण वॉल्टर अ‍ॅडाबाईंच्या गोष्टीत फक्त मान डोलवायचा. ओतशाळेत काम करून तो अर्धा बहिरा झाला होता. उरलेला अर्धा लग्नामुळे.

दोन हजार दोन साली या लग्नाला साठ वर्षं होणार होती. मॉरीननं चॅपलचं सभागृह घेतलं, हॅम आणि पोर्कच्या कचोऱ्या सांगितल्या, आणि सूत्रधार म्हणून मला उभं केलं. साठ वर्षं झालेल्या जोडप्याला, लग्नाचा दाखला धाडला की, राणीचं शुभेच्छापत्र येतं. मॉरीन म्हणाली, “मम, मागवू या की.”

“काही नको,” अ‍ॅडाबाई म्हणाल्या. “या वर्षी तिची आई गेली, बहीण गेली. तिला कशाला आणखी आमचा ताप?”

राणीबद्दल इतकी कणव त्यांनी पूर्वी कधी दाखवली नव्हती. आम्ही भारावून गेलो.

पण लिॲनबद्दल ही कणव नव्हती. लिॲन म्हणजे मॉरीनची मुलगी, अ‍ॅडाबाईंची एकुलती नात, त्यांच्याच स्वयंपाकघरात वाढलेली. तिला सहावा महिना लागला होता आणि लग्नाचा पत्ता नव्हता. अ‍ॅडाबाईंनी हुकूम सोडला: पोट घेऊन ती चॅपलच्या दारात दिसली, तर मी मागच्या दारानं घरी जाईन.

“नॅना, दोन हजार दोन साल आहे!” लिॲन म्हणाली.

“साल कुठलंही असो, महिने नऊच असतात,” अ‍ॅडाबाई म्हणाल्या.

त्यावर लिॲन म्हणाली, आता नको तर बाळ झाल्यावरही नको; पणतू बघायला येऊ नकोस. आणि ती दार आपटून गेली. त्या दिवसापासून अ‍ॅडाबाई बाळाचा पांढरा कोट विणत होत्या. विचारलं तर म्हणायच्या, चॅपलच्या धर्मादाय विक्रीसाठी आहे. तो विणून झाला की उसवायच्या आणि पुन्हा टाके घालायच्या.

आता भेटवस्तू. त्या सुमारास लढाईच्या काळातली अस्सल वर्तमानपत्रं भेट देण्याची टूम निघाली होती. तुमच्या जन्माच्या किंवा लग्नाच्या तारखेचा खरा छापील अंक, लाल पेटीत, सोनेरी फितीत, सोबत अस्सलपणाचा दाखला. इतिहासाची खिडकी, असं जाहिरातीत लिहिलेलं. ज्या राष्ट्रानं तो इतिहास छापल्या आठवड्यातच त्यात चिप्स बांधून खाल्ले, शेगडी पेटवली आणि उरलेले चौकोन कापून परसातल्या संडासात खिळ्याला टोचले, तेच राष्ट्र आता तो रेशमी फितीत गुंडाळून मागवत होतं. एवढ्या हालअपेष्टांतून वाचलेला प्रत्येक अंक म्हणजे माझ्या मते युद्धवीरच. मॉरीननं बारा जून बेचाळीसचा अंक मागवला, आणि पेटी बंदच ठेवली. फीत मंचावर सुटायला हवी होती.

सभागृह गच्च भरलं. सरासरी वय पंच्याहत्तर. चहा झाला, मी पुढे झालो, फीत सोडली. चार पानी अंक होता, बिस्किटासारखा पिवळा. जुन्या कागदाचा तो वास आला आणि मला आमच्या कंपनीच्या ट्रंका आठवल्या. मग काय, आवाज आपोआप पोटातून निघाला. शेवटच्या रांगेपर्यंत पोचला पाहिजे, ही सवय.

“सभ्य स्त्री-पुरुषहो! शुक्रवार, दिनांक बारा जून, एकोणीसशे बेचाळीस!”

टाळ्या झाल्या. मी लिबियातल्या लढाईकडे वळणार, इतक्यात वाजवायच्या पेटीजवळून हिल्डाबाईंचा आवाज आला.

“शुक्रवार?”

“शुक्रवार,” मी अंक उंच धरला. मूर्ख नटाला टाळ्यांच्या पुढचं दिसत नाही.

“व्हिट-शनिवार म्हणायचीस ना गं अ‍ॅडा?”

“वार काय, इकडचा तिकडं होतो,” अ‍ॅडाबाई म्हणाल्या.

“व्हिट-शनिवार कसा होईल इकडचा तिकडं? आणि बेचाळीसला व्हिट मे महिन्यात होता. आमच्या आयरीनचं लग्न झालं त्या दिवशी. जूनमध्ये आला तो त्याच्या पुढच्या वर्षी.”

इथे सांगायला हवं की व्हिटचा सण ईस्टरला बांधलेला, आणि ईस्टर आपल्या दिवाळीसारखा दरवर्षी जागा बदलतो. अ‍ॅडाबाईंनी लग्नाचं साल तेवढं एक घर मागे सरकवलं होतं. तारीख तीच ठेवली, वार तोच, सण तोच. दिवाळी तारखेनं साजरी करणाऱ्या माणसासारखी गत.

मॉरीन सप्टेंबर त्रेचाळीसची. हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण तिच्या प्रत्येक वाढदिवसाला अ‍ॅडाबाईंनीच केक वाटला होता.

मग सभागृहात शांतता पसरली. पण कशी शांतता! सत्तरीपुढच्या प्रत्येक बाईचे ओठ हलत होते. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आकडे चालले होते, जून, जुलै, ऑगस्ट, आणि आवाज म्हणून नाही. अ‍ॅडाबाई ताठ बसून एकेक ओठ बघत होत्या. ती भाषा त्यांना न कळण्याची सोय नव्हती.

तेव्हा वॉल्टर उभा राहिला. मी त्या घरात राहायला गेल्यापासून तो आपण होऊन बोलायला उभा राहिल्याचं मला आठवत नाही.

“जर्मन,” तो म्हणाला.

“काय?” हिल्डाबाई म्हणाल्या.

“जर्मनांना फसवायला. लढाईत पेपरात हवामान छापायला बंदी होती की नाही? शत्रूला कळू नये म्हणून? तसंच वारही खोटे छापायचे. शनिवारला शुक्रवार.” त्याचे कान लाल झाले होते. “गुप्त होतं ते.”

खरं सांगतो, सभागृहातल्या अर्ध्या पुरुषांनी मान डोलावली. मागून एकजण म्हणालासुद्धा, “हो हो, असं होतं बरं का. आमच्या ब्रिगेडियरनं सांगितलेलं.” आणखी दोन मिनिटं मिळती, तर पॅडिहमनं हा इतिहास कायमचा मान्य केला असता. अ‍ॅडाबाईंनी नुसतं ‘हो’ म्हणायचं बाकी होतं.

त्यांनी वॉल्टरकडे पाहिलं.

“बस खाली, येड्या,” त्या म्हणाल्या. “जन्मात कधी खोटं बोलला नाहीस, आणि आता बोललास तर हे?”

“तुझ्यासाठी गं,” वॉल्टर म्हणाला.

“कळलं. बस.” मग त्या स्वतः उठल्या. “लग्न त्रेचाळीसचं. तारीख खरी, व्हिट-शनिवार खरा. मी सहा महिन्यांची होते. मोजून झालं असेल तर ओठ मिटा, माशा जातील.”

मॉरीन किटली धरून उभी होती. “म्हणजे मम… मी तुमच्या लग्नात होते?”

“होतीस. पहिल्या रांगेत.”

वॉल्टर हसायला लागला. साठ वर्षं मान डोलवून साठलेलं हसू, ते काही लवकर थांबेना. अ‍ॅडाबाई मात्र हसल्या नाहीत. “लिॲनला फोन लाव,” त्या मॉरीनला म्हणाल्या.

फोन चॅपलच्या स्वयंपाकघरात होता. मॉरीन गेली आणि तोंड पाडून परत आली. “ती म्हणते, येणार नाही. नॅनानं हाकललं, नॅनाच बोलवू दे.”

आता अ‍ॅडाबाई कोणाची मनधरणी करतील, हे त्या गावात लिहून दिलं असतं तरी कोणी मानलं नसतं. त्या सावकाश चालत आत गेल्या आणि दार लावून घेतलं. पण स्वयंपाकघर आणि सभागृह यांच्यामध्ये बशा सरकवायची काचेची खिडकी होती, आणि ती लावलेली असली तरी काच ती काचच. आत अ‍ॅडाबाई फोन धरून उभ्या होत्या, तोंड आमच्याकडे. आवाज अजिबात येत नव्हता. ओठ मात्र हलत होते, बराच वेळ. मध्येच थांबायचे, थरथरायचे, पुन्हा हलायचे.

मला ओठांची ती भाषा कधीच आली नाही. मी हिल्डाबाईंच्या कानाशी वाकलो. “काय म्हणतात हो?”

हिल्डाबाईंनी आपली खुर्ची फिरवून खिडकीकडे पाठ केली. मग त्यांच्या शेजारणीनं फिरवली, मग तिच्या शेजारणीनं. लाकडी जमिनीवर खुर्च्यांचा करकराट झाला, आणि पॅडिहमच्या सगळ्या जुन्या विणकर बाया भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसल्या.

“मला काही दिसलं नाही, रेज,” हिल्डाबाई म्हणाल्या. “चष्मा घरी राहिला.”

चष्मा त्यांच्या नाकावर होता.

अ‍ॅडाबाई बाहेर आल्या त्या डोळे पुसूनच, आणि कोणाकडेही न बघता पिशवीतून अर्धा विणलेला कोट काढून सुया चालवायला लागल्या. “निघालीय ती,” त्या म्हणाल्या. “रेज, उभा काय राहिलास खांबासारखा? दाराजवळची खुर्ची आण इकडं. पाठ टेकता येईल अशी. माझ्या शेजारी ठेव.”