पगार न मागणारा ड्रायव्हर

आमच्या गोरक्षने १९९८ साली सातपूरच्या वर्कशॉपमधली टर्नरची नोकरी सोडली आणि सहा टायरचा ट्रक घेतला. ट्रकच्या कपाळावर पेंटरकडून मोठ्या अक्षरांत 'आईचा आशीर्वाद' असं लिहून आणलं. मी असा आशीर्वाद दिलेला नव्हता. उलट पंधरा दिवस त्याच्याशी बोलत नव्हते. पण पेंटरने दीडशे रुपये आधीच घेतले होते, त्यामुळे पुसायचा प्रश्न उरला नव्हता.

नोकरी सोडण्याचं त्याचं कारण एकच होतं, की कुणाच्या हाताखाली राहायचं नाही. वर्कशॉपमध्ये एकच साहेब होता आणि तो आठ तासांनी घरी सोडायचा. ट्रक घेतल्यावर गोरक्ष मालक झाला आणि फायनान्सवाला, ट्रान्सपोर्टवाला, कांद्याचा व्यापारी, हमाल आणि टायरवाला हे सगळे त्याला 'अरे गोरक्ष' म्हणून हाक मारू लागले. मालक म्हणणारे दोघंच होते, पंपावरचा पोरगा आणि तो स्वतः.

काम ठरलेलं होतं. संध्याकाळी सटाण्याला कांदा भरायचा, रात्रीतून कसारा घाट उतरून पहाटे वाशीच्या मार्केटला पोचायचं, माल खाली करायचा आणि मिळेल ते भाडं घेऊन परत यायचं. परतीच्या भाड्याबद्दल त्याचं तत्त्वज्ञान होतं, "रिकामं येण्यापेक्षा बरं." आमच्या द्वारका चौकात वाल्मीकशेठ म्हणून ट्रान्सपोर्टवाले होते, त्यांना हे वाक्य पाठ होतं. जाण्याचं असो की परतीचं, तीन हजारांचं भाडं ते बावीसशेला टेकवायचे, त्यात कमिशन कापायचे आणि वर चहा पाजायचे. चहाचं गोरक्षला फार कौतुक होतं.

मी अर्थशास्त्रात बी. ए. आहे, हे आमच्या घरात फक्त दिवाळीच्या किराणा यादीच्या वेळी आठवतं. त्यामुळे गोरक्षच्या हिशोबाची पद्धत मला कुणी समजावून सांगितली नाही, मी ती लांबूनच शिकले. निघताना मिळालेला ॲडव्हान्स शर्टच्या खिशात ठेवायचा. डिझेल, हमाली, जेवण त्यातूनच. घरी आल्यावर खिशात जे राहील ते 'सुटले'. आज हजार सुटले, आज बाराशे सुटले. टायर, इन्शुरन्स, पासिंग, स्प्रिंगचे पाटे तुटणं यांना तो खर्च मानत नसे. ती संकटं होती, आणि दरवर्षी त्याच महिन्यात न चुकता येत. मी एकदा म्हटलं, की महिन्याला थोडे टायरसाठी बाजूला टाकत जा. तो म्हणाला, आई, अजून टायर फुटलेला नाही, त्याच्या आधीच कशाला रडायचं?

या हिशोबात ड्रायव्हरच्या पगाराचा रकाना नव्हता. त्याबद्दल कुणी विचारलं, की गोरक्षची छाती फुगायची. ड्रायव्हर मीच, पगार वाचतो, आपल्या धंद्याची खुबी तीच आहे, असं तो पाहुण्यांनाही सांगायचा.

वाचवलेला हा ड्रायव्हर फुकट असल्यामुळे त्याला झोपायची परवानगी नव्हती. चार-चार, पाच-पाच रात्री तो सलग चालवायचा. मानेवर ओलं फडकं, गालात तंबाखू. डोळा लागत नाही का, असं मी विचारलं, तर म्हणायचा, कांद्याच्या वासाने जाग राहते. फोन आला नाही, की मी देवाजवळ दिवा लावायचे आणि आला, की रागवायचे. २००४च्या मार्चमध्ये तो असाच पाचव्या रात्रीनंतर दुपारी घरी आला. त्याच्या बायकोने, सविताने, ताट वाढलं. पहिला घास त्याने हातात घेतला आणि घास तसाच धरून तो बसल्या बसल्या झोपला. सविताने हळूच त्याच्या बोटांतून घास काढून घेतला. त्याला कळलंही नाही. मी त्याच्या त्या हाताकडे बघत राहिले. तीन तासांपूर्वी त्याच हातात स्टेअरिंग होतं, आणि स्टेअरिंग काढून घ्यायला घाटात कुणी नव्हतं.

त्याच महिन्यात ट्रकचे हप्ते संपले. गोरक्षने सोसायटीत पेढे वाटले आणि जेवताना जाहीर केलं, की दुसरा ट्रक घ्यायचा. सहा वर्षांत एक गाडी सुटली, आता दोन गाड्या तीन वर्षांत सुटतील. हे गणित कोणत्या पुस्तकातलं, ते मी विचारलं नाही, कारण सुरुवातीला भरायचे दीड लाख त्याच्या वडिलांच्या ग्रॅच्युइटीच्या ठेवीतून येणार होते आणि ती ठेव माझ्या नावावर होती.

मी सही करीन म्हणाले. एकच अट घातली. आधी या गाडीवर पगारी ड्रायव्हर ठेव, महिनाभर चालवून दाखव. मला गणित तपासायचं नव्हतं, मला त्याला महिनाभर झोपवायचं होतं.

ड्रायव्हर आला भिकन. बागलाणातला, पन्नाशीचा, कपाळाला गंध. त्याने ट्रकभोवती एक फेरी मारली, टायरांना लाथा मारून पाहिल्या आणि आपल्या बोलीत म्हणाला, "गाडी भारी शे भाऊ." मग खाटेवर बसून अटी सांगितल्या. पगार साडेतीन हजार, रोजचा भत्ता शंभर. सलग दोन रात्रींनंतर तिसरी रात्र झोपणार. घाटाआधी डोळे जड झाले, तर गाडी बाजूला लावणार, मग माल कुजो. गोरक्ष सुन्न झाला. त्याने भिकनला भाड्याचे दर सांगितले, म्हणजे काहीतरी कमी करेल. भिकनने ते शांतपणे ऐकून घेतले.

"भाऊ, या भाड्यात मालकच चालवू शकतो," तो म्हणाला. "पगारी माणसाला नाही परवडत."

गोरक्षला हे कौतुक वाटलं. त्याने ते दोन दिवस सगळ्यांना सांगितलं.

महिना झाला. पूर्वी हप्ता भरायच्या आधी महिन्याला सात-आठ हजार हातात राहायचे, भिकनचा पगार-भत्ता देऊन बाराशे राहिले. गोरक्षचा निष्कर्ष तयार होता, भिकन डिझेल विकतो. दुसरं कारण असूच शकत नव्हतं, कारण गाडी तीच होती, रस्ता तोच होता. चोरी पकडायला तो स्वतःच्या ट्रकमध्ये क्लीनरच्या सीटवर बसून वाशीला गेला. जाताना मला म्हणाला, उद्या बघ, रंगेहाथ आणतो.

दुसऱ्या संध्याकाळी परत आला, तेव्हा चेहरा ताजा होता. काय झालं ते सविताने विचारलं, तर आधी सांगेना. मग भिकननेच सांगितलं. इगतपुरीच्या पुढे त्याने गाडी ढाब्यावर लावली आणि दोन तास झोपला. गोरक्ष त्याच्यावर नजर ठेवायला जागा राहिला होता, तोही दहा मिनिटांत घोरू लागला. नंतर घाट उतरला, टोल आला, मार्केट आलं, हमालांनी सगळ्या गोण्या उतरवल्या, मालक काही उठला नाही. हमाल विचारत होते, हे शेठ आजारी हायेत का? भिकन म्हणाला, नाही, सहा वर्षांची झोप हाय.

डिझेल लिटरवारी बरोबर निघालं.

रात्री मी त्याच्यासमोर कागद ठेवला. भिकनचा पगार आणि पंचवीस दिवसांचा भत्ता मिळून महिन्याचे सहा हजार. बहात्तर महिन्यांचे चार लाख बत्तीस हजार. हप्त्यांतून गाडी सुटली ती पावणेचार लाखांची. त्याने कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"म्हणजे गाडीने काहीच कमावलं नाही?"

"गाडीने नाही," मी म्हणाले. "ड्रायव्हरने कमावलं. तू त्याला पगार दिला नाहीस, एवढंच."

 त्याने कागद घडी करून खिशात घातला, जिथे 'सुटले' असायचे.

दुसऱ्या गाडीचा विषय पुन्हा निघाला नाही. भिकनला त्याने पुरा पगार देऊन निरोप दिला, कारण दोघांचं पोट एका ट्रकवर चालणार नव्हतं, आणि पुन्हा स्वतः स्टेअरिंगवर बसला.  मला वाटलं, सगळं मुसळ केरात.

आठ दिवसांनी वाल्मीकशेठचा फोन आला. गोरक्ष सलग दोन रात्री करून आला होता. तिसऱ्या रात्रीचं भाडं होतं, बावीसशे, लगेच निघ. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. गोरक्षने अठ्ठावीसशे सांगितले आणि उद्या सकाळी भरतो म्हणाला. पलीकडून बराच वेळ आवाज येत राहिला. मग गोरक्ष म्हणाला, "नाही शेठ, मी यायला तयार आहे. ड्रायव्हर तयार नाही."

शेठने ते भाडं पाच मिनिटांत दुसऱ्या एका मालकाला दिलं. त्याचा ड्रायव्हरही तो स्वतःच होता. त्यानंतर चार दिवस आमचा ट्रक सोसायटीच्या भिंतीला लागून उभा राहिला. पाचव्या दिवशी शेठने सव्वीसशेला हाक मारली, तेव्हा गोरक्ष गेला. त्या चार दिवसांत शेजारच्या कुसाबाई दोनदा चौकशी करून गेल्या. पोराचा धंदा बसला वाटतं, म्हणाल्या. मी हो म्हटलं. आतल्या खोलीत तो भर दुपारी तोंड उघडं टाकून झोपला होता, आणि सविताने त्याच्या उशाचा फोन उचलून डाळीच्या डब्यात ठेवला होता.