मुंगीबाईची विनंती

रक्त तपासायच्या त्या लॅबमध्ये सव्वीस वर्षं एकच वाक्य दिवसातून पन्नासदा ऐकू यायचं. "मुंगी चावेल हं, एवढंच." मूठ आवळायला सांगून ती दंडाला रबरी पट्टा बांधायची, दोन बोटांनी शीर चाचपायची, आणि समोरचा "झालं?" म्हणेपर्यंत कापसाचा बोळा जागेवर बसलेला असायचा. म्हणून ती सगळ्यांची मुंगीबाई. सुई बघून घाम फुटणारी धिप्पाड माणसं बाहेर ताटकळत बसायची, पण दुसऱ्या कुणापुढे हात करायची नाहीत.

तिच्या हाताइतकंच तिचं तोंडही लॅबच्या कामाचं होतं, कारण ते बंद असायचं. कुणाची साखर वाढली, कुणाला दिवस गेले, कुणाचं यकृत कशानं बिघडलं, सारं तिला ठाऊक. घरी नवऱ्यानं "आज काय विशेष?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "गर्दी होती." तिची नणंदसुद्धा एकदा, लॅब उघडायच्या आधी, तोंड झाकून आली होती. कसली चाचणी होती ते मुंगीबाईनं नवऱ्याला, म्हणजे नणंदेच्या सख्ख्या भावाला, आजतागायत सांगितलेलं नाही. तेव्हा आपणही विचारू नये.

तर अशा बाईचा उजवा हात एके दिवशी चहाचा कप उचलताना थरथरला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिनं मोठ्या डॉक्टरांची गुरुवारची वेळ घेतली आणि तोवर सुई धरायची नाही म्हणून घरच्या कामाचं कारण सांगून रजा टाकली. मोठ्या डॉक्टरांचं निदान कळलं, की मग लॅबच्या डॉक्टरांना आपण होऊन सांगायचं, असं ठरवून टाकलं. सव्वीस वर्षांच्या नोकरीचं काय व्हायचं ते होवो, पण ते आपल्या तोंडानं सांगायचा एवढा मान तिला हवा होता.

मनावरचं ओझं मात्र पेलवेना. नणंद चर्चच्या महिला मंडळाची प्रमुख. प्रार्थनेला बसली की दगडालाही पाझर फुटावा.

"ताई, तुमच्यापाशीच बोलते," मुंगीबाई म्हणाली. "फक्त देवाला सांगा."

नणंदेनं तिचे दोन्ही हात हातात घेतले, डोळे पुसले. "माझ्या पोटात राहील, वहिनी."

पोटात ते रविवारपर्यंत राहिलं. उपासनेत पाळकांनी "प्रार्थनेसाठी कुणाच्या काही विनंत्या?" विचारायचा अवकाश, नणंद उभी राहून माईककडे हात करत होती. "आपल्या लाडक्या मुंगीबाईंच्या हाताला कंप सुटलाय. त्यांची नोकरी टिकावी म्हणून आपण सगळे..." दीडशे माना एकदम वळल्या आणि मग एकदम झुकल्या. मुंगीबाईनं डोळे मिटलेच नाहीत. लॅबच्या डॉक्टरांची आई पुढच्याच बाकावर बसली होती.

सोमवारी डॉक्टरांनी बोलावून घेतलं. तिच्या खुर्चीत दुसरी मुलगी बसलेली होती. मुंगीबाईला खिडकीत बसून रिपोर्टची पाकिटं द्यायचं काम मिळालं. "तुम्ही आधी मला सांगायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले, आणि ते खरंच होतं. गुरुवारी मोठ्या डॉक्टरांनी निदान केलं, साधा कंप आहे, गोळीनं बराच आटोक्यात येईल. पण आता तिच्यापुढे हात कोण करणार होतं?

"अहो वहिनी, मी काय चहाडी केली?" नणंद म्हणाली. "प्रार्थनेसाठीच सांगितलं ना! दीडशे माणसांनी तुमच्यासाठी मान झुकवली."

मुंगीबाईला सगळ्यात झोंबलं ते हेच. पाठीत सुरा खुपसून ही बाई आभाराची वाट पाहत होती! तिनं पाळकांना गाठलं. "ज्याला क्षमा नकोच आहे, त्याला ती द्यायची कशी? आणि देवाला सगळं ठाऊक असतं, तर माझं नाव माईकवर कशाला?"

पाळक भला माणूस. "दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापाशी नाही, बाई. पहिल्याचं एवढंच, की क्षमा करायची ताकद मागा. आपल्या बळावर ती कुणालाच जमत नाही."

पुढच्या रविवारी विनंत्यांची वेळ झाली आणि मुंगीबाई उठली. शेजारी बसलेल्या नणंदेचा चेहरा पांढराफटक पडला. ती तोंड झाकून आलेली सकाळ दोघींनाही एकदमच आठवली असणार. चाचणीचं नाव मुंगीबाईच्या जिभेवर आलं होतं. किती सोपं होतं! "आपल्या लाडक्या ताईंसाठी" एवढी सुरुवात केली की झालं.

"एका बाईसाठी प्रार्थना करा," ती म्हणाली. "नाव देवाला ठाऊक आहे." आणि खाली बसली.

ती बाई म्हणजे ती स्वतःच. क्षमा करायची ताकद मिळावी, एवढंच तिचं मागणं होतं, आणि ते तिनं मनापासून मागितलं होतं.

उपासना संपल्यावर पायऱ्यांवर नणंदेनं तिचा दंड धरला. "वहिनी, ती विनंती माझ्यासाठी होती का हो? कुणाला काही बोललात तर नाही ना?"

"नाही ताई, माझ्यासाठीच होती," एवढं म्हटलं असतं तर बिचारीचा जीव भांड्यात पडला असता. मुंगीबाईनं तिची बोटं एकेक करून दंडावरून सोडवली.

"प्रार्थनेतलं बाहेर सांगू नये, ताई," ती म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली. मागितलेली ताकद काही त्या दिवशी आली नाही.